जगाच्या बातम्या आणि आपली बेचैनी: हे कुठून आलं?

नागपुरात 1911 पासून 'हितवाद' हे इंग्रजी वृत्तपत्र निघतं आणि 1948 साली आकाशवाणी केंद्र आलं. लढाया, दुष्काळ, निर्वासित या शहराला नवे नाहीत. पण तेव्हा बातमीला शेवट असायचा. रेडिओवर निवेदक 'बातम्या संपल्या' म्हणायचा. पानठेल्यावरचा पेपर वाद घालत वाचला जायचा नि पुढच्याच्या हाती जायचा.

1991 च्या आखाती युद्धात लढाई थेट पडद्यावर आली. 2000 च्या डिसेंबरात 'आज तक' ही चोवीस तास हिंदी बातम्यांची वाहिनी सुरू झाली. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, तशी ती सगळी लढाई उशाशी आली.

परिणाम तपासणं त्याआधीच सुरू झालं होतं. 1997 साली ब्रिटनमध्ये काही लोकांना फक्त 14 मिनिटांच्या वाईट बातम्या दाखवल्या. त्यांना उदास वाटलंच, शिवाय बातम्यांशी संबंध नसलेल्या घरच्या काळज्याही मोठ्या वाटू लागल्या. गाझाचे व्हिडिओ पाहून मुलीच्या फीची धास्ती वाढते, ती अशी. 2013 च्या बोस्टन बॉम्बस्फोटांनंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून अधिक बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताण घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळला.

या बेचैनीतल्या अपराधी भावनेचा इतिहास वेगळा आहे. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांमधली 'मीच का वाचलो' ही टोचणी मानसोपचारतज्ज्ञ विल्यम नीडरलँड यांनी 1960 च्या दशकात नोंदवली. दुरून पाहणाऱ्याच्या जबाबदारीचा प्रश्न तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी 1972 साली मांडला. त्यांच्यासमोर पूर्व बंगालचे निर्वासित होते आणि अंतर ही सबब नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. युक्तिवाद पटतो, पण रात्री दोन वाजता व्हिडिओ बघत राहिल्याने त्या जबाबदारीतला एक रुपयाही फिटत नाही.

उपायांत मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांची 1983 ची 'काळजीची वेळ' अजून टिकून आहे. रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी 30 मिनिटं काळजी करायची. दिवसभरात काळजी आली की एका ओळीत लिहायची आणि त्या वेळेवर ढकलायची. हे अंथरुणात करू नये, नाहीतर मेंदू गादी आणि काळजी यांची सांगड घालतो. अनेकांचं फसतं ते मोबाईलच्या अलार्मपायी: सकाळी अलार्म बंद करता करता बोट नोटिफिकेशनवर जातं. सीताबर्डीत साधं गजराचं घड्याळ मिळतं, ते घ्या. व्हिडिओचा ऑटोप्ले बंद करा. बातम्या वाचा, पण दिवसातून दोनदाच, आणि झोपण्याआधीचा तास सोडून.

टोचणीसाठी मोजता येईल असं एक काम निवडा. दरमहा ठरलेली रक्कम एकाच संस्थेला, किंवा नागपुरातल्या मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी रुग्णालयाच्या रक्तपेढीत रक्तदान: एका वेळी साधारण 350 मिलिलिटर, पुरुषांनी पुन्हा तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार. त्याने दूरचं युद्ध थांबत नाही, हे खरंच. रडक्या फॉरवर्डसोबत आलेल्या क्यूआर कोडवर मात्र रात्री पैसे पाठवू नका. भावनेच्या भरात फसवणूक होते ती तिथेच.

दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. ऑक्टोबर 2022 पासून ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे.