प्रामुद्याच्या कादंबऱ्यांत १९६५ शोधू नका

इंडोनेशियन साहित्याची चौकशी केली की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘प्रामुद्या झाला ना वाचून? मग आता कुर्नियावान घे, तो नवा प्रामुद्या.’ मलपृष्ठांवर हे इतकं छापून आलंय की लोक दोघांना एकाच मापानं मोजतात.

प्रामुद्या अनंता तूरची हकीकत बहुतेकांना पाठ असते. १९६५ मध्ये अटक, चौदा वर्षं विनाखटला कैद, त्यातली दहा बुरू बेटावर. कागद मिळेना म्हणून गोष्ट आधी सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. सुटल्यावर १९८० ला ‘बूमी मानुसिया’ ही चार भागांच्या मालिकेतली पहिली कादंबरी आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर बंदी. घोळ इथेच होतो. लेखक १९६५ मुळे आत गेला, म्हणजे कादंबरीतही त्या वेळची कम्युनिस्टांची कत्तल असणार, असं धरून लोक वाचायला बसतात.

कत्तलीचा तिथे मागमूसही नाही. ही मालिका १८९८ मध्ये सुरू होते आणि पहिलं महायुद्ध संपता संपता आटोपते. डच शाळेत शिकणारा मिंके पुढे वृत्तपत्र काढतो. त्याच्यामागे तीर्तो आधी सूर्यो हा खरा पत्रकार आहे. चौथ्या भागात तर निवेदन मिंकेवर पाळत ठेवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याकडे जातं. माझ्या मते चारांतला हाच सर्वांत धारदार भाग, पण लोक पहिल्यावरच थांबतात. १९६५ नंतर सत्तेवर आलेला लष्करशहा सुहार्तो दूरच, इंडोनेशिया हा देशही अजून झालेला नाही. तो लोकांच्या डोक्यात कसा आकार घेऊ लागला, हा प्रामुद्याचा विषय.

कत्तल आहे ती कुर्नियावानकडे (पूर्ण नाव ‘एका कुर्नियावान’), म्हणजे १९७५ मध्ये जन्मलेल्या माणसाकडे. ‘चांतिक इतु लुका’ (२००२) या त्याच्या कादंबरीत कॉम्रेड क्लिवोन सकाळी पेपरची वाट बघत बसतो. पेपर काही येत नाही. तिकडे जाकार्तात सगळं कम्युनिस्टांवर उलटलंय आणि याला चिंता पेपरची. पुढे मारलेल्या कम्युनिस्टांची भुतं गावाला आणि लष्करी अधिकाऱ्याला छळतात. प्रामुद्या इतिहास जुन्या वर्तमानपत्रांतून उभा करतो. कुर्नियावान भुताखेतांतून, अफवांतून, चावट विनोदातून. ही भुतं इंडोनेशियातल्या स्वस्त भयकथांतून आलेली आहेत, त्यामुळे जादुई वास्तववादासाठी गाजलेल्या कोलंबियन लेखकाशी तुलना करून त्याला ‘जावाचा मार्केझ’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. शिवाय प्रामुद्यावरच प्रबंध लिहून पदवी घेतलेला हा माणूस. गुरूचीच वही उतरवायची असती तर भुतं कशाला आणली असती?

बाकी फरक वयाचे आणि अनुवादकांचे, ते सोडून द्या. प्रामुद्याचा स्वतःचा तुरुंग हवा असेल तर कादंबरी नको, ‘न्यान्यी सुन्यी सओरांग बिसू’ या त्याच्या आठवणी घ्या. कुर्नियावानची सुरुवात ‘लेलाकी हारिमाउ’पासून करा. इंग्रजीत दोनशे पानांच्या आत आटोपते आणि खून कुणी केला ते पहिल्याच वाक्यात कळतं. का केला, यासाठी मात्र शेवटच्या पानापर्यंत जावं लागतं.