स्टारबक्स : विपणन आणि विस्ताराचे धोरण

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात सुरू झालेल्या स्टारबक्स या कॉफीगृहांच्या साखळीने ग्राहक मिळवण्यासाठी, टिकवण्यासाठी आणि दुकाने वाढवण्यासाठी अवलंबलेली पद्धत. २०२४ मध्ये साखळीच्या दुकानांची जगभरातील संख्या ४०,०००च्या पुढे गेली. निवांत बसायला जागा देणे आणि लोकांच्या रोजच्या वाटेवर दुकान असणे, या दोन गोष्टींवर हे धोरण उभे आहे. त्या एकमेकींना पूरक आहेत, पण वेग वाढला की एकमेकींच्या आड येतात. कंपनीवर आलेली मोठी संकटे बहुतांशी इथूनच निघाली.

जेरी बाल्डविन, झेव्ह सीगल आणि गॉर्डन बाउकर यांनी १९७१ मध्ये काढलेले मूळ दुकान भाजलेल्या कॉफीबिया आणि कॉफी करण्याची भांडी विकत असे. तयार कॉफी हा त्याचा धंदा नव्हता. १९८२ मध्ये हॉवर्ड शुल्ट्झ विपणनाचे काम पाहू लागले. पुढच्या वर्षी इटलीतील मिलानमध्ये त्यांनी एस्प्रेसोचे (दाबाखालच्या गरम पाण्याने काढलेल्या दाट कॉफीचे) बार पाहिले. नेहमीच्या गिऱ्हाइकाला ओळखणारा आणि त्याच्या डोळ्यांसमोर कॉफी काढून देणारा माणूस हाच तिथल्या धंद्याचा कणा आहे, असे त्यांचे मत झाले. मालकांना त्या वाटेने जायचे नव्हते. शुल्ट्झ यांनी ‘इल जोर्नाले’ या नावाने स्वतंत्र कॉफी बार काढले आणि १९८७ मध्ये ३८ लाख डॉलरना स्टारबक्स विकत घेतली. १९९२ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले.

सुरुवातीच्या काळात दूरचित्रवाणीवरील जाहिरातींपेक्षा दुकान आणि काउंटरमागचा माणूस हीच जाहिरात मानली गेली. १९८८ पासून अर्धवेळ कर्मचाऱ्यांनाही आरोग्यविमा मिळू लागला आणि १९९१ मध्ये त्यांना शेअर देण्याची योजना आली. यात व्यवहारही होता. किरकोळ खाद्यविक्रीत माणसे भराभर नोकरी सोडतात. प्रत्येक गेलेल्या माणसामागे नव्याचे प्रशिक्षण येते आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाची आवड माहीत असणारा हात जातो.

विस्ताराची रीत अशी : आधी एक मोठे शहर निवडायचे, त्यात दुकाने दाट पेरायची, मग त्या शहराचा तळ करून आसपासच्या गावांत शिरायचे. एकाच चौकात समोरासमोर दोन दुकाने दिसतात ती याचमुळे. नवे दुकान शेजारच्या आपल्याच दुकानाची काही विक्री खाते, हे गृहीत धरलेले असते. त्या बदल्यात रांग आखूड होते, एकाच गाडीच्या फेरीत अनेक दुकानांना माल पोचतो आणि प्रतिस्पर्ध्याला मोक्याची जागा उरत नाही. सकाळी कामावर निघालेला माणूस कॉफीसाठी रस्ता ओलांडायलाही कुरकुरतो, त्यामुळे वर्दळ रस्त्याच्या कोणत्या बाजूने जाते हेही पाहावे लागते. विमानतळ, हॉटेल, सुपरमार्केट अशा परक्या जागांत दुकान परवान्यावर दुसऱ्याला चालवायला दिले जाते.

किंमत आणि माप यांची सांगड चतुर आहे. अमेरिकेत गरम ‘लाटे’च्या (एस्प्रेसोत भरपूर दूध घातलेल्या कॉफीच्या) ‘टॉल’ कपात (सुमारे ३५० मिली) एस्प्रेसोचा एक शॉट, म्हणजे एक छोटे माप, असतो, ‘ग्रांदे’त (४७० मिली) दोन. ‘व्हेंटी’ ५९० मिलीचा, पण शॉट दोनच. वाढते ते दूध. मोठ्या मापाचा जादा खर्च विक्रेत्याला थोडाच पडतो आणि गिऱ्हाइकाला मात्र मोठा कप किफायतशीर वाटतो. १९९५ मधील फ्रॅपुचिनो (बर्फासह घुसळलेले गोड पेय) आणि २००३ पासून दर शरद ऋतूत येणारी पम्पकिन स्पाइस लाटे (मसाल्याच्या स्वादाची गोड लाटे) यांनी कॉफी न आवडणारा वर्गही आत आणला. ठरावीक हंगामापुरतेच मिळणे हीच दुसऱ्या पेयाची मोठी जाहिरात ठरली.

घाईचा फटका २००७-०८ मध्ये बसला. फेब्रुवारी २००७ मध्ये फुटलेल्या अंतर्गत पत्रात शुल्ट्झ यांनी दोष नेमके दाखवले होते. स्वयंचलित एस्प्रेसो यंत्रांनी काम झटपट झाले, पण ती इतकी उंच होती की पेय तयार होताना दिसेना. बिया हवाबंद पिशव्यांतून येऊ लागल्या आणि दुकानातला कॉफीचा दरवळ गेला. यातला एकेक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर योग्यच वाटतो. बिघडले ते सगळे एकत्र आल्यावर, म्हणून हे उदाहरण विपणनाच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावे. शुल्ट्झ जानेवारी २००८ मध्ये पुन्हा मुख्याधिकारी झाले. २६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी अमेरिकेतील सुमारे ७,१०० दुकाने बंद ठेवून कर्मचाऱ्यांना एस्प्रेसो काढण्याचे धडे पुन्हा दिले गेले. त्याच वर्षी ६०० दुकाने बंद करण्याची घोषणा झाली आणि कमी उंचीची यंत्रे आली.

त्यानंतरच्या वाढीचे मुख्य साधन कार्ड आणि अ‍ॅप. २००१ मध्ये आलेल्या कार्डात पैसे आधीच भरलेले असतात. अशी न वापरलेली रक्कम एक अब्ज डॉलरच्याही वर गेली आहे. ती बिनव्याजी वापरता येते आणि कधीच खर्च न होणारा भाग ठरावीक नियमांनी उत्पन्नात धरला जातो. २०१६ पर्यंत प्रत्येक भेटीला एक ‘स्टार’, म्हणजे बक्षिसाचा गुण, मिळे. पुढे तो खर्चाच्या प्रमाणात मिळू लागला, तेव्हा रोज साधी कॉफी घेणारे नाराज झाले. अ‍ॅपवरून आगाऊ ऑर्डर २०१५ मध्ये अमेरिकाभर सुरू झाली. रांग मोबाइलवर गेली, पण काउंटरच्या आत काम तेवढेच राहिले : अ‍ॅपवाल्यांचे कप साचतात आणि समोर उभा असलेला ताटकळतो. २०२४ मध्ये मुख्याधिकारी झालेले ब्रायन निकोल यांनी पेयांची यादी आखडती घेणे, ऑर्डरींचा क्रम लावणे, चिनी मातीचे मग परत आणणे आणि कपावर हाताने लिहिणे असे उपाय सुरू केले.

परदेशात सहसा स्थानिक भागीदार घेतला जातो. १९९६ मध्ये टोकियोत हाच मार्ग धरला होता. ऑस्ट्रेलियात २००० मध्ये कंपनी स्वतः उतरली. तिथे इटालियन आणि ग्रीक स्थलांतरितांनी रुजवलेली चांगली एस्प्रेसो गल्लोगल्ली मिळत होती. गोड, महाग पेयांची सवय लागण्याआधीच दुकाने भराभर निघाली आणि २००८ मध्ये ८४ पैकी ६१ बंद करावी लागली. चीनमध्ये २०२३ मध्ये लकिन या स्वस्त साखळीने विक्रीत स्टारबक्सला मागे टाकले.

भारतात टाटा समूहाशी निम्म्या-निम्म्या भागीदारीत पहिले दुकान १९ ऑक्टोबर २०१२ रोजी मुंबईत फोर्टमधील हॉर्निमन सर्कलला उघडले. कॉफी टाटांकडूनच, भारतीय मळ्यांतली घेतली जाते. चहा पिणाऱ्या देशात किमतीची अडचण मोठी, म्हणून २०२२ मध्ये निवडक शहरांत सुमारे १८० मिलीचा ‘पिको’ कप, मसाला चहा आणि फिल्टर कॉफी आणून पाहिली गेली. २०२८ पर्यंत १,००० दुकानांचे उद्दिष्ट जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले.