डिंकातली साखर: अ‍ॅरॅबिनोजची पार्श्वभूमी

थंडीत लाडवांसाठी तापल्या तुपात धावड्याचा डिंक सोडला की खडा तडतडतो, आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि तो लाहीसारखा फुलतो. जिभेवर ठेवला तर गोड लागत नाही. खरं तर तो बहुतांश साखरांचाच बनलेला असतो, पण त्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. त्यातली एक अ‍ॅरॅबिनोज.

हे नाव अरबी डिंकावरून पडलं. तो डिंक मुख्यतः सुदान, सेनेगल या भागांतल्या, बाभळीच्या नात्यातल्या झाडांचा. अरब व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात गेला म्हणून अरबी. आपल्या धावड्याच्या डिंकाला जगाच्या बाजारात ‘घट्टी’ म्हणतात, तेही असंच वाटेवरून आलेलं नाव: हा माल घाटातून उतरून यायचा.

डिंक सौम्य आम्लात उकळला की या साखळ्या तुटतात. अ‍ॅरॅबिनोज बहुधा साखळीच्या कडेला लटकलेलं असतं आणि तिथला जोड कच्चा असतो, त्यामुळे सगळ्यात आधी तेच सुटं होतं. 1868 च्या सुमारास बीटसाखरेवर काम करणाऱ्या कार्ल शायब्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बिटाच्या चोथ्यातून ही साखर मिळवली. ती ग्लुकोजसारखीच सहा कार्बनची असावी, असा समज होता. 1887 मध्ये हाइनरिश किलियानी या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तिला हायड्रोजन सायनाइड जोडून कार्बनची साखळी एका घराने वाढवली आणि मोजून दाखवलं की मूळ साखरेत कार्बन पाचच आहेत.

ही दुरुस्ती दिसायला लहान, पण तिच्यावर फार मोठं काम उभं राहिलं. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने किलियानीचीच रीत वापरून अ‍ॅरॅबिनोजपासून ग्लुकोज आणि मॅनोज घडवले. साखरेची ‘डी’ आणि ‘एल’ ही दोन रूपं डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. निसर्गातल्या बहुतेक साखरा ‘डी’ रूपात असतात; डिंकातलं अ‍ॅरॅबिनोज मात्र ‘एल’, म्हणून हाती आलं ते नेहमीच्या ग्लुकोजचं आरशातलं रूप. मग त्याने अ‍ॅरॅबिनोजच्या दोन्ही टोकांचं आम्ल केलं. ते ध्रुवीत प्रकाश (एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश) वळवत होतं, म्हणजे रेणूचे दोन अर्धे एकमेकांची आरशातली प्रतिमा नव्हते. या एका निरीक्षणाने कित्येक शक्य रचना बाद झाल्या, आणि 1891 मध्ये त्याने ग्लुकोजची अवकाशातली मांडणी जाहीर केली. रेणू डोळ्यांनी पाहायची कुठलीच सोय नसताना केवळ तर्काने गाठलेलं हे उत्तर मला रसायनशास्त्रातलं सर्वांत देखणं वाटतं. 1902 चं नोबेल त्याला साखरा आणि प्युरिन (कॅफिन, युरिक आम्ल अशा संयुगांचा गट) यांवरच्या कामासाठी मिळालं.

1960 च्या दशकात एलिस एंगल्सबर्गने ई. कोलाय जिवाणूत दाखवलं की अ‍ॅरॅबिनोज मिळालं की ते पचवणारी जनुकं एका प्रथिनाच्या मदतीने चालू होतात. जैवतंत्रज्ञानात हवं ते प्रथिन बनवून घ्यायला हीच कळ आजही वापरतात.

1996 मध्ये जपानी संशोधकांनी आणखी एक गुण नोंदवला: एल-अ‍ॅरॅबिनोज आतड्यातल्या सुक्रेज या विकराला अडवतं, त्यामुळे नेहमीच्या साखरेचं पचन मंदावतं. गोडी साखरेच्या साधारण निम्मी. यावरून कुणी डिंकाचे लाडू मधुमेहावर गुणकारी म्हणत असेल, तर ते मानू नये. हा गुण सुट्या साखरेचा आहे. डिंक लहान आतड्यात तुटतच नाही. तो पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात.