चेस्टरफील्डच्या शिखराला पीळ कसा पडला?

इंग्लंडच्या डर्बिशर परगण्यातल्या चेस्टरफील्ड गावात सेंट मेरी अँड ऑल सेंट्स नावाचे चर्च आहे. त्याचे शिखर वाकडे आहे हे कळायला स्थापत्यशास्त्र शिकावे लागत नाही. गावाजवळून जाणाऱ्या रेल्वेतूनही ते दिसते. जमिनीपासून टोकापर्यंत उंची २२८ फूट, म्हणजे सुमारे ७० मीटर. टोक जिथे असायला हवे तिथून ते साडेनऊ फूट नैर्ऋत्येकडे सरकलेले आहे. पण कलंडलेल्या इमारती जगात पुष्कळ आहेत. इथली खरी गंमत पिळाची आहे. शिखर अष्टकोनी आहे आणि पायथ्यापासून टोकापर्यंत जाताना ते सुमारे ४५ अंशांनी वळते. पूर्ण फेरीचा आठवा हिस्सा ४५ अंशच असतो. त्यामुळे खाली एका कोपऱ्यातून निघालेली धार वर पोचेपर्यंत शेजारच्या धारेच्या जागी आलेली असते.

गावकऱ्यांना कारण केव्हाच सापडले आहे. बोल्सोव्हरच्या लोहाराने सैतानाच्या खुराला नाल ठोकताना खिळा मांसात घुसवला, तो कळवळून उडाला आणि जाता जाता त्याची लाथ शिखराला बसली, ही एक कथा. दुसरी जास्त खट्याळ आहे. चर्चमध्ये एकदा खरोखरची कुमारिका लग्नाला उभी राहिली आणि शिखराने आश्चर्याने मान वळवून खाली पाहिले. पुन्हा तशी नवरी आली की ते सरळ होईल म्हणतात! गावाच्या फुटबॉल संघाला ‘स्पायराइट्स’ म्हणतात तेही या शिखरावरूनच.

इमारत मुख्यतः चौदाव्या शतकातली. तळ क्रुसाच्या आकाराचा, दोन भुजा जिथे छेदतात तिथे दगडी मनोरा आणि मनोऱ्यावर लाकडी सांगाड्याचे, शिशाने मढवलेले शिखर.   जड सामान वर चढवण्यासाठी वापरलेले त्या काळातले एक मोठे लाकडी चाकही टिकले आहे. ते आता गावच्या संग्रहालयात आहे.

शिखर १३६२ च्या सुमाराचे मानतात. त्याआधी जेमतेम बारा-तेरा वर्षे, १३४८-४९ मध्ये, प्लेगने इंग्लंड निम्मे रिकामे केले होते. जाणते सुतार त्यात मेले, उरलेल्यांनी ओले लाकूड वापरले, ते वाळताना वाकले, असा खुलासा सर्रास दिला जातो. त्यातला ओल्या लाकडाचा भाग मला अपुरा वाटतो.

कारण मध्ययुगात ओकचे लाकूड ओलेच वापरत. ताजा ओक करवत-किकऱ्याला वश असतो. वाळलेला ओक हत्याराची धार घालवतो. शिवाय जाड तुळई वाळायला दर इंचाला एक वर्ष असा ढोबळ हिशेब आहे. फूटभर जाडीच्या तुळईसाठी दशकभर कोण थांबणार? इंग्लंडमधली असंख्य जुनी छपरे अशाच ओल्या ओकची आहेत आणि ती पिळलेली नाहीत.

तरीही लाकूड वाळताना काय करते ते पाहायला हवे. पावसाळ्यात आपल्याकडे दार फुगते ते रुंदीत, उंचीत नाही. आक्रसण्याचेही तसेच. ओक तंतूंच्या दिशेने जवळपास आक्रसत नाही, आडवा मात्र आक्रसतो, आणि तोही सारखा नाही: वर्षवलयांच्या कडेने तो आरपार दिशेच्या जवळजवळ दुप्पट आक्रसतो. परिणामी तुळई नुसती बारीक होत नाही, तिचा छेद वेडावाकडा होतो आणि सांधे सैल पडतात.

सैल सांधा घातक केव्हा? तिरका आधार नसतो तेव्हा. चार पट्ट्या टोकांना खिळ्यांनी जोडून चौकट केली तर ती सहज तिरपी होते. कर्णावर पाचवी पट्टी ठोकली की हलत नाही. या शिखराची प्रत्येक बाजू म्हणजे वर निमुळती होत जाणारी एक शिडी आहे, आणि आत तिरके आधार अपुरे होते. आता एक बाजू किंचित तिरपी झाली असे समजा. तिचा कोपऱ्याचा खांब शेजारच्या बाजूचाही खांब असतो, म्हणून शेजारणीला तिकडेच झुकावे लागते, मग तिच्या शेजारणीला. आठही बाजू एकाच दिशेने तिरप्या झाल्या की त्यालाच आपण पीळ म्हणतो. वरून जड ओझे असेल तर अशा पिळाने माथा थोडा खाली उतरतो, आणि वजनाला तेच हवे असते.

हे वजन शिशाचे, सुमारे ३३ टन. डर्बिशरमध्ये रोमन काळापासून शिशाच्या खाणी होत्या, त्यामुळे माल घरचाच. मूळ आच्छादन हलक्या लाकडी फळ्यांचे होते आणि शिसे नंतर आले, असे आज बरेच जण मानतात. शिखर बांधल्यानंतरची सुमारे तीनशे वर्षे वाकडेपणाची नोंद मिळत नाही, हे त्या मताला पोषक आहे. ते खरे असेल तर बिचाऱ्या सुतारांवर उगाच ठपका येतो. त्यांनी हा भार गृहीतच धरला नव्हता.

उन्हाचा वाटाही सांगितला जातो. शिसे तापले की ओकपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते: तीन मीटर लांबीचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटर वाढतो. शिवाय ते साध्या तापमानालाही स्वतःच्या वजनाने हळूहळू ओघळते. इंग्लंडमध्ये ऊन दक्षिणेकडून येते आणि शिखरही मुख्यतः दक्षिणेकडेच झुकले आहे, तेव्हा त्या बाजूचे लाकूड आधी वाळून बसले असणे शक्य आहे. झुकण्याचे हे स्पष्टीकरण मला पटते, पिळाचे नाही. युरोपात अशी पिळदार शिखरे शंभराच्या आसपास आहेत, त्यातली बहुतेक फ्रान्समध्ये. काही उजवीकडे वळतात, काही डावीकडे. सूर्य तर सगळ्यांना एकाच दिशेने फिरताना दिसतो.

नजरेलाही थोडे फसवले जाते. शिशाचे पत्रे उभे-आडवे न बसवता तिरपे, माशाच्या काट्यासारखे बसवले आहेत, म्हणून पीळ आहे त्याहून जास्त भासतो.

मग ते पडत कसे नाही? शिखर मनोऱ्यावर स्वतःच्या वजनानेच बसले आहे. निमुळत्या पोकळ आकाराचा गुरुत्वमध्य पायथ्यापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर असतो. टोक साडेनऊ फूट सरकले तरी गुरुत्वमध्य ढोबळमानाने तीनेक फूटच सरकतो आणि पायाच्या पुष्कळ आत राहतो.

१८४०च्या दशकात या चर्चचा जीर्णोद्धार तरुण जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने केला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पुढे याच स्कॉटने, मुंबईत पाऊलही न ठेवता, आखून दिला.

शिखरावरचे सर्वांत मोठे संकट २२ डिसेंबर १९६१ ला आले. चर्चच्या उत्तर भुजेत आग लागली. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि वाळका ओक त्याआधीच पेट घेऊ शकतो. ज्वाळा मनोऱ्यात शिरल्या असत्या तर तो चिमणीसारखा पेटला असता. अग्निशामक दलाने त्या तिथेच अडवल्या. योहान स्नेट्झलरने बनवलेला अठराव्या शतकातला ऑर्गन मात्र जळून गेला, आणि त्याच्या जागी ग्लासगोच्या सिटी हॉलमधला जुना ऑर्गन आणून बसवला.