आरोग्य शिबिर आणि फिरती प्राथमिक सेवा: बेघरांच्या बाबतीत होणारी गल्लत

फुटपाथवर मांडलेलं टेबल, गळ्यात स्टेथोस्कोप, बीपीचं यंत्र, औषधांचे खोके आणि समोर रांग. असा फोटो एक दिवसाच्या आरोग्य शिबिराचा असू शकतो, तसाच बेघर लोकांसाठी वर्षभर चालणाऱ्या फिरत्या प्राथमिक सेवेचाही. देणगीदार, पत्रकार, कधीकधी खुद्द आयोजकही दोन्हींना एकच समजतात. गाडीवरूनही काही कळत नाही. फिरता दवाखाना दोन्हीकडे वापरतात. पुढच्या आठवड्यात तीच माणसं तिथे येतात का आणि त्यांना पुन्हा तोच रुग्ण भेटतो का, हे पाहिलं की मात्र फरक उघडा पडतो.

१९७८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेतल्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेकडून दोन अपेक्षा आहेत: लोक जिथे राहतात आणि काम करतात त्याच्या शक्य तितक्या जवळ ती पोचावी आणि पुढे चालू राहणाऱ्या उपचारांची ती पहिली पायरी असावी. शिबिर पहिली अपेक्षा उत्तम पुरी करतं. दुसरीसाठी ते उभारलेलंच नसतं.

एकच रुग्ण दोन्हीकडे नेऊन पाहू. पन्नाशीचा माणूस, बीपी १७०/१००. शिबिरात त्याला थोड्या दिवसांच्या गोळ्या आणि ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ अशी चिठ्ठी मिळते. पण साधारणपणे एका मापावरून उच्च रक्तदाबाचं निदान पक्कं होत नाही, पुन्हा मोजावं लागतं. मोठ्या दवाखान्यात जायचं तर केसपेपरवर पत्ता काय लिहायचा, रांगेत उभं असताना गाठोडं कोणाच्या भरवशावर ठेवायचं, परत येईपर्यंत झोपायची जागा राहील का, हे प्रश्न आधी सुटावे लागतात. ते सुटत नाहीत आणि चिठ्ठी खिशातच विरते. नंतर म्हणायला सगळे मोकळे की रुग्णानेच हलगर्जीपणा केला.

फिरतं पथक त्याला दोन-चार दिवसांनी त्याच जागी गाठतं, पुन्हा बीपी मोजतं आणि मग औषध ठरवतं. इथे पुस्तकी उपचार जरा वाकवावे लागतात. लघवी वाढवणारी बीपीची गोळी एरवी अगदी चांगली, पण शौचालय हाताशी नसलेला माणूस ती दोन दिवसांत बंद करतो. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने सुरुवातीला जुलाब होऊ शकतात, अडचण तीच. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते आणि फ्रिज तर नाहीच. खरजेचं मलम रात्रभर अंगभर लावून कपडे-पांघरूण गरम पाण्यात धुवा, हा सल्ला रस्त्यावर निरर्थक आहे. तिथे पोटात घ्यायच्या आयव्हरमेक्टिनचा विचार करावा लागतो. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी निवडायची आणि एका वेळी थोड्याच द्यायच्या, कारण सामान चोरीला जातं किंवा साफसफाईत उचललं जातं. गंभीर मानसिक आजारात रोजच्या गोळीऐवजी महिन्यातून एकदाचं इंजेक्शन चालू शकतं. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. तेवढा काळ एका माणसाचा माग ठेवणं हे पथकाच्या कामातलं बहुधा सर्वांत चिवट काम.

मग विश्वासाचा प्रश्न. बॉस्टनमध्ये १९८५ साली बेघरांसाठीचा आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तिथे रुजू झालेल्या डॉ. जिम ओ’कॉनेल यांना बार्बरा मॅकिनिस या अनुभवी परिचारिकेने आधी स्टेथोस्कोप बाजूला ठेवून लोकांचे पाय कोमट पाण्यात भिजवायला बसवलं. दिवसभर चालून, ओल्या मोज्यांत राहून झालेल्या जखमा त्यात दिसतातच, शिवाय डॉक्टर रुग्णाच्या पायाशी बसतो. पिट्सबर्गमध्ये डॉ. जिम विदर्स १९९२ पासून रात्री रस्त्यावर जाऊ लागले ते पूर्वी स्वतः बेघर राहिलेल्या एका सोबत्याला घेऊन. अशी माणसं पथकात असणं ही शोभेची गोष्ट नाही. कोण कुठे झोपतं आणि कोणाशी आज बोलू नये, हे त्यांनाच कळतं. माझ्या मते चांगलं पथक ओळखायचं ते डॉक्टरांच्या पदव्यांवरून नव्हे, तर तीच परिचारिका किती काळ टिकून आहे यावरून.

हिशोबाची रीतही वेगळी. शिबिराच्या अहवालात ‘इतक्या जणांची तपासणी’ असा एक मोठा आकडा असतो. फिरत्या सेवेत मोजायचं ते किती जणांचं बीपी आटोक्यात आलं, किती जखमा भरल्या, किती जण क्षयाचा उपचार पुरा करू शकले. हे आकडे लहान दिसतात, म्हणून निधी देणाऱ्यांना शिबिरच जास्त भावतं. नियमित पैसा यायचा तर सरकारी कागदावर अशा कामाला जागा लागते. अमेरिकेत सरकारी आरोग्य विम्याच्या बिलासाठी ‘रस्ता’ या उपचारस्थळाला स्वतंत्र कोड मिळाला तो १ ऑक्टोबर २०२३ पासून.

घाई का, तर वेळ थोडा असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१८ साली मरण पावलेल्या बेघर व्यक्तींचं सरासरी वय सरकारी अंदाजानुसार पुरुषांत ४५ आणि स्त्रियांत ४३ होतं. पन्नाशीच्या आत मरणाऱ्यांत वर्षातून एकदा शुगर मोजून फारसं काही साधत नाही.

म्हणून शिबिरं बंद करा असं नाही. एका भेटीत संपणारं काम त्यांनी जरूर करावं. साथीच्या वेळची लस किंवा चष्म्याचा नंबर शिबिरात उत्तम होतो. मोतीबिंदूची तपासणीही चालेल, मात्र शस्त्रक्रियेची तारीख, ने-आण आणि नंतर डोळा जपायला निवारा आधी ठरलेला हवा. नव्या पथकाला वस्तीशी ओळख करून घ्यायलाही शिबिराचा उपयोग होतो. बिघडतं ते दीर्घ आजारांचं काम शिबिरावर सोपवलं की.

फिरत्या सेवेच्याही मर्यादा आहेत. मोडलेला पाय फुटपाथवर जुळत नाही. रुग्णालयातून सोडल्यावर काही आठवडे अंथरूण आणि शुश्रूषा देणारी जागा लागते. बॉस्टनमध्ये अशी जागा आहे आणि तिला मॅकिनिस यांचंच नाव दिलं आहे. आणि कोणाला घर मिळालं की नेहमीच्या दवाखान्याशी त्याची गाठ घालून देणं हेही पथकाचंच काम. त्यासाठी नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही. पहिल्या एक-दोन भेटींना पथकातलं कोणीतरी सोबत जातं, जुने कागद दाखवतं आणि नव्या डॉक्टरांना कोणती गोळी या माणसाला का चालली नाही ते सांगतं.