बामणोलीचा काठ आणि पाण्याखालची गावं

सातारा जिल्ह्याला समुद्र नाही. तरी यवतेश्वरचा घाट चढून कासमार्गे बामणोलीकडे उतरताना खाली निळं पाणी पसरलेलं दिसतं, तेव्हा नवख्या माणसाला ती खाडीच वाटते. काठाला लागलेल्या लाँच, कुठे वाळत घातलेलं जाळं, पलीकडे वासोट्याचं गच्च रान. पण हा काठ मुळातला नव्हे. त्याचं वय साठ-पासष्ट वर्षांचं.

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेला हेळवाकपर्यंत येते, तिथून पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. हेळवाकजवळ १९५६ ते १९६४ या काळात १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं गेलं. फुगवटा मागे पन्नासेक किलोमीटर, पार तापोळ्यापर्यंत गेला. भातखाचरं, देवळं, नदीकाठच्या वाटा पाण्यात गेल्या. कित्येक कुटुंबं सांगली, सोलापूर, ठाणे, रायगडकडे हलवली गेली. जी मागे राहिली ती डोंगरात वर सरकली. आज आपण जिथे चहा घेतो ती बामणोली अशीच वर आलेली.

वाट बुडाल्यावर होडी आणि लाँच हीच वाट झाली. बाजार, दवाखाना, सोयरीक, सगळं पाण्यावरून. शेती गेलेल्या काहींनी जाळं हातात घेतलं, बरेचजण मुंबईला ओझी उचलायला गेले. पर्यटकांची लाँच ही नंतरची गोष्ट, हे तिथे जाणाऱ्याने लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. उन्हाळ्यात जाऊन पाहा. पाणी उतरतं तसे काठावर तांबड्या मातीचे पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात, आणि त्यांच्याखाली कुठे कुठे जुन्या घरांची जोती उघडी पडतात.

१९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जंगल राखलं गेलं हे चांगलंच, पण काठच्या माणसाच्या वावरावर आणखी बंधनं आली. २०१२ मध्ये कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. धरणग्रस्त मात्र हक्काच्या जमिनीसाठी साठ वर्षांनंतरही कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते.

या जलाशयाचं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरतं, वीज देतं, वाशिष्ठीत मिसळून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. तिथल्या कोळ्यांच्या होड्यांखाली बामणोलीचंही पाणी असतं.