मूठ पिळली तरी ती सायकलच?

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे कॅलिफोर्नियात होतो. १३ वर्षांच्या नातवाला ई-सायकल हवी होती. कुणीतरी जुनी विकायला काढलेली त्याने शोधून ठेवली होती, ती बघायला आम्ही गेलो. जाड टायर, स्कूटरसारखी लांब सीट. पायडल मात्र अगदी नावापुरते. मी उकिडवा बसून सांगाड्यावरचं लेबल शोधत होतो. लेबल होतं, पण अर्धं खरवडलेलं. ‘क्लास’ एवढाच शब्द शाबूत, पुढचा आकडा गायब.

“आबा, चालवून तरी बघू ना!”

“आधी आकडा,” मी म्हटलं.

त्या आकड्यावर तिथे बरंच काही ठरतं. आपल्याकडे ई-बाइक म्हटलं की डोळ्यांपुढे स्कूटर येते. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ पायडल असलेली सायकल. २००२च्या केंद्रीय कायद्याने तिची व्याख्या केली: चालू स्थितीतले पायडल, ७५० वॉटपेक्षा कमी, म्हणजे सुमारे एक अश्वशक्तीची मोटर, आणि ७७ किलोचा माणूस सपाट रस्त्यावर नुसत्या मोटरवर जात असेल तर वेग ताशी २० मैलांच्या, म्हणजे ३२ किलोमीटरच्या आत. पण हा कायदा वस्तूचा आहे. सायकल म्हणून काय विकता येईल एवढंच तो सांगतो. ती कुणी, कुठे, कोणत्या वयात चालवायची, हे ज्या त्या राज्याने ठरवायचं.

कॅलिफोर्नियाने २०१५मध्ये तीन वर्ग पाडले आणि पुढे बऱ्याच राज्यांनी तीच वाट धरली. क्लास १ म्हणजे पायडल माराल तेव्हाच मोटर हातभार लावते आणि ३२ला थांबते. क्लास २मध्ये मूठ पिळून पाय न हलवताही जाता येतं, मर्यादा तीच. क्लास ३मध्ये पुन्हा पायडल हवेच, पण मदत ४५ किलोमीटरपर्यंत मिळते. तिथे वय किमान १६ आणि हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं. लायसन्स तिघींनाही लागत नाही. लेबलावर वर्ग, वेग आणि वॉट छापायचे, तेही एरियल टंकात, किमान नऊ पॉइंटात, इतका बारकावा कायद्यात आहे. सरकारी चिकाटीचं मला कौतुक वाटलं.

३२ आणि ४५मध्ये असा काय मोठा फरक? हवेला विचारा. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाने. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो, स्वार ताठ बसलेला, असं धरून मी वहीत हिशेब मांडला. ताशी २५ला साधारण १४० वॉट पुरतात, ३२ला २६५, आणि ४५ला थेट ६६०. आणि ४५च्या वेगाने कुणाला धडकलात तर त्या धडकेतली ऊर्जा ३२च्या मानाने दुप्पट.

वॉटचा आकडा मात्र फसवा. ४८ व्होल्टची बॅटरी आणि २० अँपिअर सोडणारा कंट्रोलर यांचा गुणाकार होतो ९६०, आणि मोटरवर ७५० लिहिलेलं असतं. ९६० ही चढावर काही क्षण मिळणारी ताकद, ७५० ही सतत झेपणारी; दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच. आपल्या मोटार वाहन नियमांनी हा घोळ टाळलाय: तिथे ‘३० मिनिटांची शक्ती’, म्हणजे मोटरला अर्धा तास सलग झेपणारी ताकद मोजतात, ती २५० वॉटच्या आत हवी आणि २५ किलोमीटरला मोटर थांबायला हवी. मगच ती सायकल. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्था हे तपासून प्रमाणपत्र देतात.

खरी गंमत राज्याची हद्द ओलांडली की सुरू होते. न्यूयॉर्कमध्येही क्लास ३ आहे, पण तिथे त्याचा अर्थ मुठीवर ताशी २५ मैल जाणारी गाडी, आणि ती फक्त दहा लाखांहून मोठ्या शहरात, म्हणजे व्यवहारात न्यूयॉर्क शहरातच चालते. नाव एक, वाहन निराळं. पेनसिल्वेनियात वर्गच नाहीत. तिथे वजन ४५ किलोच्या आत आणि चालवणारा १६ वर्षांचा हवा. कॅलिफोर्नियातही सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडच्या मरीन काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, १६ वर्षांखालच्या मुलांना क्लास २ बंद करण्याची वेगळी मुभा २०२४मध्ये मिळाली. म्हणून तिथे सायकल घेताना राज्य बघून भागत नाही, काउंटीही बघावी लागते.

तर आमची सायकल. लेबल बोलेना, तेव्हा चाकालाच विचारायचं ठरवलं. वेग मोजायची रीत साधी असते: चाकाचे फेरे मोजायचे आणि घेराने गुणायचं. कंट्रोलर तेच करतो आणि हद्द आली की मोटरचा प्रवाह तोडतो. मी मागचं चाक अधांतरी उचलून धरलं आणि नातवाला मूठ पिळायला सांगितलं. पायडल स्थिर. स्क्रीनवर १८, २०, २४ मैल... ३३ला मीच पुरे म्हटलं.

“तो ऑफ-रोड मोड आहे, बंद करता येतो,” मालक घाईने म्हणाला.

बंद करता येतो, हे खरं असेल. पण नुसत्या मोटरवर २० मैलांच्या पुढे नेता यावी अशा बेताने बनवलेली किंवा नंतर तशी केलेली गाडी कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ई-सायकलच नाही. ती मोपेड किंवा मोटरसायकल. म्हणजे लायसन्स आलं, नोंदणी आली. नातू तेराचा.

परत येताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आबा, सोळाला अजून तीन वर्षं आहेत.”

“क्लास १ बघू,” मी म्हटलं. “पाय मारावे लागतील.”

“चढावर पण?”

“चढावर मोटर मारेल. थोडे तू.”